अंगावरून वारे जाण्यापूर्वी : उच्च रक्तदाबाचा शोध, उपचार आणि मोजदाद

गडचिरोली जिल्ह्याचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला मलेरिया, कुपोषण, सर्पदंश आठवतात. याच जिल्ह्यात काम करणाऱ्या ‘सर्च’ या संस्थेने एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांमधील प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली. या गावांची लोकसंख्या सुमारे ९४ हजार होती आणि मृत्यू झाले १,५९९. घरच्या माणसांना आजाराची लक्षणे व क्रम विचारून प्रत्येक मृत्यूचे कारण ठरवण्यात आले. सर्वांत मोठे एकच कारण निघाले ते पक्षाघात : २२९ मृत्यू, म्हणजे एकूण मृत्यूंच्या १४.३ टक्के. यांपैकी ८७ टक्के मृत्यू घरीच झाले होते. ते कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत येण्याची शक्यता नव्हती. गावोगाव जाऊन मोजले नसते, तर ग्रामीण भागात पक्षाघात हा इतका मोठा आजार आहे हे आकड्यांत दिसलेच नसते.

पक्षाघाताला खेड्यात ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. हा वाक्प्रचार पाहण्याजोगा आहे. वारे बाहेरून येते, अचानक येते आणि त्याला कोणी जबाबदार नसते, असा त्यात भाव आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिन्या आधीची दहा-पंधरा वर्षे वाढलेला दाब सोसत असतात. पक्षाघाताची कारणे अनेक आहेत (तंबाखू, मधुमेह, हृदयाची अनियमित लय), पण त्यांत सर्वांत मोठा वाटा उच्च रक्तदाबाचा आहे, आणि तो मोजता येतो, कमीही करता येतो. मग तो कमी का होत नाही? या पाठात आपण मुख्यतः याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

रक्तदाब आणि त्याची मर्यादा

हृदय आकुंचन पावते तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर पडणारा सर्वाधिक दाब म्हणजे प्रकुंचन दाब (वरचा आकडा), आणि हृदय शिथिल होते तेव्हाचा किमान दाब म्हणजे अनुशिथिलन दाब (खालचा आकडा). दोन्ही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. भारतातील सार्वजनिक आरोग्य कार्यक्रमांत १४०/९० किंवा त्याहून अधिक दाब वेगवेगळ्या दिवशी आढळला तर उच्च रक्तदाब असे निदान करतात. दोहोंपैकी एक आकडा वाढलेला असला तरी पुरे. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये ही मर्यादा १३०/८० वर आणली, म्हणून परदेशी पुस्तकांत वेगळा आकडा दिसला तर गोंधळून जाऊ नये.

निसर्गात अशी कोणतीही रेघ नाही, हेही ध्यानात ठेवावे. ४० ते ६९ वयोगटातील लोकांच्या मोठ्या अभ्यासांवरून असे दिसते की वरचा दाब ११५ पासून पुढे दर २० मि.मी. वाढला की पक्षाघाताने मृत्यू येण्याचा धोका दुपटीहून अधिक होतो. धोका १३९ ला संपत नाही आणि १४० ला सुरू होत नाही. रेघ आपण आखली आहे, ती औषध केव्हा सुरू करायचे हे ठरवण्यासाठी.

उच्च रक्तदाबाला बहुधा लक्षणे नसतात. डोके दुखते, चक्कर येते, राग येतो म्हणून ‘बीपी वाढला असेल’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात आणि काही जण तसे वाटेल त्या दिवशीच गोळी घेतात. डोके न दुखणाऱ्या माणसाचा दाब १८० असू शकतो आणि डोके दुखणाऱ्याचा १२०. या एका गैरसमजाने जेवढे नुकसान केले आहे तेवढे औषधांच्या दुष्परिणामांनी केलेले नाही, असे माझे मत आहे.

किती लोकांना आहे?

या प्रश्नाची तीन उत्तरे विद्यार्थ्यांना हमखास सापडतात आणि ती जुळत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) स्त्रियांमध्ये २१.३ टक्के आणि पुरुषांमध्ये २४ टक्के. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग देखरेख सर्वेक्षणात (२०१७–१८) २८.५ टक्के. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासात (प्रसिद्धी २०२३) ३५.५ टक्के. यांपैकी कोणताही आकडा खोटा नाही. पहिल्या पाहणीत १५ वर्षांपासूनचे लोक आहेत, म्हणजे शाळा-कॉलेजातली मुले-मुलीही भाजकात आली. दुसऱ्यात १८ ते ६९ वयाचे, तिसऱ्यात २० वर्षांवरील सर्व, म्हणजे सत्तरीच्या पुढचेही. रक्तदाब वयाबरोबर वाढतो, त्यामुळे वयोगट बदलला की टक्केवारी बदलणारच. नमुना निवडण्याची पद्धत आणि सर्वेक्षणाचा काळही वेगळा आहे. कोणताही आकडा उद्धृत करताना त्याच्यासोबत वयोगट लिहावा. तो नसेल तर आकडा अर्धवट आहे.

याहून बोलका हिशेब देखरेख सर्वेक्षणाच्या पुढच्या भागात आहे. उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी २७.९ टक्के लोकांना आपल्याला तो आहे हे ठाऊक होते. १४.५ टक्के उपचार घेत होते. १२.६ टक्के लोकांचा दाब नियंत्रणात होता. हजार रुग्ण घेऊन हीच शिडी उतरून पाहू. हजारातून ७२१ जण पहिल्याच पायरीवर गळले, कारण त्यांचा दाब कोणी मोजला नव्हता किंवा मोजून नीट सांगितला नव्हता. उरलेल्या २७९ पैकी १३४ जणांना माहीत असूनही उपचार चालू नव्हते. उपचार घेणारे १४५, आणि त्यांतल्या १२६ जणांचा दाब आटोक्यात.

हे वाचून पटकन निष्कर्ष निघतो : खरी अडचण मोजण्याची आहे, मोजा म्हणजे झाले. तिसऱ्या पायरीचे यश मात्र थोडे फसवे आहे. सर्वेक्षणाच्या दिवशी जे उपचार घेत होते, ते मुळातच टिकून राहिलेले लोक होते. ज्यांना दवाखाना जवळ आहे, गोळ्या परवडतात, घरात आठवण करून देणारे कोणी आहे, असे. ज्यांनी दोन महिन्यांनी गोळ्या सोडल्या ते आता ‘उपचार न घेणारे’ या रकान्यात आहेत. उद्या शिबिर घेऊन ७२१ नवे रुग्ण शोधले, तर ते या १४५ जणांसारखे वागतीलच असे नाही. त्यांना काहीच होत नसते. ज्याला काही होत नाही त्याला दर महिन्याला रांगेत उभे करायचे आहे, हे या कामाचे खरे स्वरूप आहे.

मोजणे वाटते तितके सोपे नाही

दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची कल्पना इटलीतील रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये मांडली, आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा-खालचा दाब ठरवण्याची रीत रशियातील कोरोत्कॉव्ह यांनी १९०५ मध्ये. आता बहुतेक ठिकाणी डिजिटल यंत्रे आली आहेत. यंत्र बदलले, चुका त्याच राहिल्या. चालत आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधणे, दंड हवेत लोंबकळत ठेवणे, स्टुलावर पाठीला टेकू न देता बसवणे, मोजताना गप्पा मारणे, लघवी तुंबलेली असणे, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळणे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा १० मि.मी. किंवा त्याहूनही जास्त चढू शकतो. नियम साधे आहेत : अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री, विडी नको, पाच मिनिटे शांत बसवावे, पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक घेतलेले नसावेत, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवलेला असावा, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. पण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात प्रत्येकासाठी ही पाच मिनिटे आणायची कुठून, हा प्रश्न नियमावलीत सुटत नाही. प्रतीक्षेच्या बाकावरच मोजण्याचे टेबल ठेवणे हा काही ठिकाणी निघालेला मार्ग आहे. रांगेतला वेळ हाच विश्रांतीचा वेळ होतो.

तुम्ही कधी एखाद्या आरोग्य केंद्राची नोंदवही पाहिलीत तर शेवटच्या अंकाकडे लक्ष द्या. १३०/८०, १४०/९०, १२०/८० अशी ओळच्या ओळ शून्यावर संपत असेल तर दाब मोजला गेला, पण वाचला गेला नाही. डिजिटल यंत्रावर १३७/८६ असे आकडे येतात. शून्याची ही आवड १४० च्या रेघेजवळ फार महागात पडते, कारण तिथे दोन-तीन मिलिमीटरवर माणूस रुग्ण ठरतो किंवा सुटतो.

आशाताईंचा फॉर्म आणि पुरुषांची अनुपस्थिती

सरकारी कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील प्रत्येकाची दरवर्षी तपासणी अपेक्षित आहे. साधारण हजार लोकसंख्येमागे एक असलेल्या आशाताई घरोघरी जाऊन एक फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि घरात कुणाला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे का, याला गुण दिलेले असतात. चारपेक्षा अधिक गुण आले तर त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी बोलवावे, असा संकेत आहे. कमी गुण आले म्हणून तपासणीतून सूट नाही, हे पुष्कळदा विसरले जाते. उपकेंद्रावर, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी दाब मोजतात आणि वाढलेला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवतात.

आशाताई दिवसा जातात, तेव्हा घरी बायका असतात. पुरुष शेतावर, वीटभट्टीवर, कारखान्यात किंवा शहरात. गरोदरपणामुळे आणि मुलांच्या लसीकरणामुळे बाईचा आरोग्य केंद्राशी आयुष्यात कधी तरी संबंध येतो. धडधाकट पुरुषाचा चाळिशीपर्यंत येतच नाही. महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये १८ वर्षांवरील स्त्रियांसाठी ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ आणि २०२३ मध्ये १८ वर्षांवरील पुरुषांसाठी ‘निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे’ अशी दोन वेगळी अभियाने घेतली. पुरुषांसाठी वेगळे अभियान लागावे, यातच अडचणीची कबुली आहे.

चार जिल्ह्यांतील प्रयोग

नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकार, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, राज्य सरकारे, जागतिक आरोग्य संघटना आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ यांनी मिळून भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतील निवडक जिल्हे होते : पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र. महाराष्ट्रातून सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा यांची निवड झाली. कोकणची किनारपट्टी, पश्चिम महाराष्ट्राचा ऊसपट्टा, धानाचा पूर्व विदर्भ आणि कापसाचा वर्धा, अशी ही विविधता आहे. २०२२ पर्यंत उपक्रम २३ राज्यांतील १३० हून अधिक जिल्ह्यांत पोचला, ३४ लाखांहून अधिक लोक सरकारी केंद्रांत उपचार घेऊ लागले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेचा पुरस्कार मिळाला.

या उपक्रमात एकही नवे औषध नाही. रक्तदाबावरची औषधे आपल्याकडे जुनीच आहेत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी निगडित डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीचा रक्तदाबावरील परिणाम १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले आणि १९५७ मध्ये वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. आज रेसर्पिन मागे पडले. त्याची जागा घेणारी अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही औषधे स्वस्त आणि बिनपेटंट आहेत.

नवे होते ते व्यवस्थेत. पहिले म्हणजे ठरीव उपचारक्रम. आधी प्रत्येक डॉक्टर आपल्या सवयीचे औषध लिहीत असे. आता एक औषध ठरलेल्या मात्रेत सुरू करायचे, बहुतेक ठिकाणी अॅम्लोडिपिन ५ मि.ग्रॅ.; महिन्याने दाब पाहायचा; १४०/९० च्या खाली नसेल तर पुढची पायरी. क्रम राज्यानुसार थोडा बदलतो. गरोदर स्त्रिया या क्रमात बसत नाहीत, टेल्मिसार्टन त्यांना देत नाहीत, त्यांचा उपचार स्वतंत्रपणे ठरवावा लागतो. ‘सगळ्यांना एकच औषध कसे?’ अशी टीका या पद्धतीवर होते. टीका सर्वस्वी चुकीची नाही. तरी औषधांची नावे तीन-चारच असली की साठा सांभाळता येतो आणि परिचारिकेलाही पुढची पायरी कळते, हा लाभ मोठा आहे.

साठ्याचे गणित करून पाहू. ३० हजार लोकसंख्येच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १८ ते ६९ वयाचे २० हजार लोक आहेत असे समजा. २८.५ टक्क्यांनी रुग्ण होतात ५,७००. यांतले निम्मे खासगी दवाखान्यात जातात असे धरले तरी केंद्राच्या वाट्याला २,८५० उरतात. रोज एक गोळी धरली तर महिन्याला ८५,५०० गोळ्या. पण उपचार घेणारे फक्त १४.५ टक्के असतील, तर केंद्रात प्रत्यक्ष येणारे ४१३ आणि गोळ्या सुमारे १२,४००. केंद्र पुढच्या वर्षाची मागणी कशावरून नोंदवते? गेल्या वर्षीच्या खपावरून. म्हणजे साठा १२ हजारांच्या हिशेबाने येतो, नवे रुग्ण शोधले की तो संपतो, गोळ्या न मिळाल्याने रुग्ण येणे सोडतात, खप पुन्हा तेवढाच दिसतो आणि मागणीही तेवढीच राहते. अशा केंद्राने तपासणी शिबिर घेणे म्हणजे औषध संपवण्याची तारीख अलीकडे आणणे. म्हणून या उपक्रमात अपेक्षित रुग्णसंख्येवरून मागणी काढण्यावर भर दिला गेला.

तिसरा भाग गोळ्या घराजवळ नेण्याचा. एका वेळी किमान ३० दिवसांच्या गोळ्या द्यायच्या आणि दाब स्थिर असलेल्यांना त्या उपकेंद्रावरच मिळाव्यात. २०२० च्या टाळेबंदीत, जेव्हा दवाखान्यात जाणेच बंद झाले, तेव्हा उपकेंद्रांतून आणि घरपोच गोळ्या देण्याची ही रीत प्रत्यक्षात कसाला लागली.

मिठाचा उल्लेख इथेच करतो, कारण गोळ्यांच्या बोलण्यात तो मागे पडतो. देखरेख सर्वेक्षणानुसार भारतीय प्रौढ माणूस दिवसाला सरासरी ८ ग्रॅम मीठ खातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमच्या आतली आहे. आपल्याकडे ते पाकिटातल्या पदार्थांपेक्षा घरच्या स्वयंपाकातून जास्त जाते : लोणचे, पापड, सांडगे, सुकी मासळी, आणि ताटात डावीकडे वाढलेली मिठाची चिमूट. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशी न बोलता रुग्णाला ‘मीठ कमी करा’ सांगण्याचा फारसा उपयोग होत नाही.

भाजकात कोण?

आता उपक्रमाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. प्रत्येक रुग्णाचे एक उपचारपत्र केंद्रात राहते आणि एक छोटे कार्ड रुग्णाकडे. सुरुवातीला हे सारे कागदावर होते, पुढे ‘सिंपल’ नावाचे मोबाइल अॅप आले. दर तिमाहीत नोंदवलेल्या रुग्णांचा एक गट धरायचा आणि पुढच्या तिमाहीत त्या गटाचे काय झाले ते पाहायचे. उत्तरे तीनच : दाब नियंत्रणात, दाब नियंत्रणात नाही, रुग्ण आलाच नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. जानेवारी ते मार्चमध्ये केंद्रात १२० रुग्ण नोंदवले. एप्रिल ते जूनमध्ये ९० आले. त्यांतल्या ६६ जणांचा दाब १४०/९० च्या खाली होता, २४ जणांचा नव्हता. ३० आले नाहीत. नियंत्रणाचे प्रमाण किती? ६६ भागिले ९० केले तर ७३ टक्के, ६६ भागिले १२० केले तर ५५ टक्के. उपक्रम दुसरे गणित मानतो. न आलेल्या माणसाचा दाब आपल्याला माहीत नाही, पण त्याच्याकडे महिन्यापलीकडच्या गोळ्या नाहीत हे माहीत आहे. पहिल्या गणितात तो कागदावरून नाहीसा होतो. त्याहून वाईट म्हणजे जितके जास्त लोक येणे सोडतील तितका केंद्राचा आकडा सुधारण्याची शक्यता वाढते, कारण सोडणारे बहुधा औषधे अनियमित घेणारेच असतात. दुसऱ्या गणितात ते ३० जण आकडा खाली ओढत राहतात, आणि केंद्राला त्यांच्या नावांची यादी काढून फोन करावा लागतो किंवा आशाताईंना त्यांच्या घरी पाठवावे लागते.

न येण्याचे कारण दर वेळी निष्काळजीपणा नसतो. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साताऱ्यासह पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलकडे परततात. जुलै ते सप्टेंबरमध्ये गावच्या केंद्रात नोंदवलेला असा रुग्ण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मोजणीत ‘आला नाही’ या रकान्यात जाणारच. गावचे केंद्र त्याला नापास ठरवते आणि फडाजवळच्या केंद्राला तो आहे हे ठाऊक नसते. रुग्णाच्या कार्डावरील क्यूआर कोड दुसऱ्या केंद्रात स्कॅन केला की जुनी नोंद उघडते, अशी सोय अॅपमध्ये आहे. त्यासाठी त्या केंद्रातही तेच अॅप हवे, कार्ड गावातल्या ट्रंकेत न राहता सोबत आलेले हवे, आणि पहाटे फडात जाऊन अंधार पडल्यावर कोपीवर परतणाऱ्या माणसाला केंद्र उघडे सापडायला हवे.